सूर्यनारायण आणि दुबेजींचा मफलर

सूर्य सरकतो, हे आमच्या घरात बाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा इंजिनिअर होते.

राज्य नवं, राजधानी नवी, कारखाना नवा आणि पिपलानी वसाहतीतलं आमचं क्वार्टर तर इतकं नवं, की भिंतीला टेकलं की पाठ पांढरी! त्या घरातली ती पहिली रथसप्तमी. अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवायचं. ते पूर्वेकडे उतू गेलं की वर्ष भरभराटीचं. आणि तोवर आईला चहासुद्धा वर्ज्य. (चहाशिवायची आई फक्त आम्हीच पाहिली आहे.)

"गोवऱ्या कशाला? सूर्याचं दूध सूर्यच तापवेल!" बाबा म्हणाले.

"अहो, नवं घर आहे. दूध उतू गेलंच पाहिजे हं!"

"जाईल! सायन्स आहे ते."

त्यांनी सगळ्यात मोठ्या परातीत आरशाचे तुकडे चिकटवले, ती उन्हाकडे तोंड करून उभी केली आणि समोर तिवईवर काजळी फासलेलं बोळकं ठेवलं. त्यावर लिंबाएवढा झगझगीत कवडसा पडला. (तो सरकला की आई गुपचूप परात वळवायची. बाबांना वाटायचं, सायन्स!) तासाभराने दुधावर साय आली. उकळी मात्र नाही!

शेवटी आई गोवऱ्या आणायला आत गेली आणि शेजारचे दुबेजी बाहेर आले.

"भाईसाहब, इसमें चाय बनेगी?"

ते वाकले. त्यांच्या लोकरी मफलरचं टोक बोळक्याशेजारी लोंबू लागलं. बाबा समजावण्यात रंगले, आणि कवडसा हळूच मफलरवर सरकला.

मला दिसलं. पण मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, ही आईची शिकवण. आणि आधी हात वर करायचा, ही कॉन्व्हेंटची. मी हात वर केला.

"देखो दुबेजी, लडकी सूरज दिखाती है!" बाबा कौतुकाने म्हणाले.

मफलरमधून धूर निघाला. मी दुसराही हात वर केला.

"वाह! सूर्यदेव को प्रणाम!" दुबेजी गहिवरले. मग त्यांनी नाक वर करून वास घेतला. "कुछ जल रहा है क्या? अरे, मैं ही जल रहा हूँ!"

मफलर एकीकडे, तिवई दुसरीकडे, बोळकं आडवं! गोवऱ्या घेऊन धावत आलेल्या आईने दुधाचा ओघळ पाहिला, सूर्य पाहिला आणि हात जोडले.

"पूर्वेलाच गेलं हो! चहा टाकते. दुबेजी, आप भी लो!"

बाबा माझ्याकडे वळले. "तुला दिसत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

काय सांगणार? माझे दोन्ही हात वरच होते, आणि अजून कोणी 'येस?' म्हटलं नव्हतं!