बेवारस बॅगेचा राखणदार

त्या दिवशी ऊन असं, की एसटी स्टँडवरची कुत्री बाकाखालची सावली सोडायला तयार नव्हती. मी डोक्याला ओला दुपट्टा बांधून उमरेडच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. त्या बाकावर माझ्या हातून जे झालं, ते सांगायची लाज वाटते. पण आता चहा ओतलाच आहे, तर ऐका.

बाजूला एक चष्मेवाला बसला होता. तो बॅग ठेवून मुकाट्यानं उठून गेला. पाणी प्यायला गेला असेल. आपल्याकडे बाजूच्याचं सामान सांभाळायची रीतच आहे ना? त्यानं सांगितलं नाही म्हणून काय झालं! मी बॅग उचलून मांडीवर घेतली.

तेवढ्यात मारोती आला. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर, आणि स्टँडवर तो पहारेकरी. तोंड सुकलेलं.

"आबा, दिल्लीचे साहेब परीक्षा घेऊन राहिले. बेवारस सामान नजरेतून सुटलं, तर माझी नोकरी गेली. हे बॅग कोणाची गा?"

खरं सांगितलं तर हा गरीब प्रवाशाची बॅग जप्त करणार! मी म्हटलं, "माझीच हाये. तू जाय."

गेला बिचारा. अर्ध्या तासानं चष्मेवाला परतला, सोबत दोन पोलीस. मी मोठ्या प्रेमानं बॅग पुढं केली. तोच दिल्लीचा साहेब! बॅगेत नुसती रद्दी, मुद्दाम ठेवलेली.

साहेबानं मारोतीला बोलावलं. मी हात जोडले. "साहेब, त्यानं इचारलं होतं. खोटं मी बोललो. त्याच्या पोटावर पाय देऊ नका."

साहेब रागावला नाही. उलट बाजूला बसून धोका कसा जोखतात ते समजावलं. आधी खबर खरी की उडती, ते पाहायचं. मग घातपात करणाऱ्याजवळ माणसं अन् सामान आहे का, ते. शेवटी आपली जागा कुठं कच्ची, ते. मी जन्मभर माग चालवलेला. म्हटलं, हे तर कापड उजेडात धरून विरळ जागा शोधण्यासारखंच! साहेब माझ्याकडे पाहून हसला. विरळ जागा कुठं सापडली, ते मात्र बोलला नाही. मारोतीची नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोती दारातूनच म्हणाला, "आबा, कशावर नजर ठेवायची, त्याची नवी यादी आली. बेवारस बॅगेच्या खाली एक ओळ वाढवली हाये: बॅग आपली म्हणणारा भला म्हातारा."