बुटाला लागलेल्या मुंग्या

"हे बूट फिरायला जाऊन राहिले का हलवायाकडे?"

बायको अंगणातून ओरडत होती आणि आमची अख्खी रांझी वस्ती ऐकत होती. माझा कॅनव्हासचा बूट तिने दोन बोटांत लटकवला होता. पाळी सुटल्यावर आमच्या कारखान्याच्या फाटकातून जेवढी माणसं निघत नाहीत, तेवढ्या मुंग्या त्यात शिरत होत्या.

"धूळ बरोबर चोळली," ती म्हणाली, "पाक पुसायचा राहिला."

मला आणि शेजाऱ्याला एकाच महिन्यात रक्तात साखर निघाली होती. पाळी एक, डबा खायचा बाकही एक. डॉक्टर म्हणाले, सवय एका दिवसात बदलत नाही. आधी मन तयार होतं, मग माणूस तयारी करतो, मग पाय चालतात. मी तयारीतच असा रमलो की बूट निवडायला अधारतालपर्यंतची दुकानं पालथी घातली, महिना लावला. शेजारी दुसऱ्याच दिवशी जुन्या चपला घालून निघाला. चार महिने चालला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, ते दाखवताना नव्या नवरीसारखा लाजला.

नव्या बुटांत मी आठ दिवस त्याच्यासोबत चाललो. नवव्या दिवशी पाय दुखतो म्हणून मागे राहिलो आणि घमापूरची बस पकडली. तिथे खव्याची जिलेबी पहाटेच कढईत पडायची. एकट्याने खाताना घास अडकायचा, असं सांगायला आवडलं असतं. जिलेबी कधीच अडकली नाही. अडकायचा तो त्याचा प्रश्न: "आज किती चालला रे?"

मग मी त्याच्या मागे लागलो. "चल ना भैया, एकाने काय होते?" तीन दिवस तो नाही म्हणाला. चौथ्या दिवशी चढला. तेव्हापासून आम्ही रोज बसने फिरायला जायचो आणि उतरल्यावर मी रस्त्याकडेची धूळ बुटांना चोळायचो.

मुंग्यांच्या दिवशी तरी थांबायला हवं होतं. बायकोची शपथ खाल्ली आणि दुसऱ्या सकाळी खिशात ओला फडका घेऊन निघालो. त्या दिवशी बसमधून उतरताना त्याच्या चपलेतून खिळा अंगठ्यात गेला. जखम भरलीच नाही. शेवटी अंगठा काढावा लागला.

मुंग्यांचा हा किस्सा मी कारखान्यात शंभरदा सांगितला असेल. दरवेळी मुंग्या वाढतात. त्या चौथ्या दिवशी त्याला हाताला धरून मीच बसमध्ये चढवलं, तेवढं गाळतो.

अंगठा काढल्यावर दीड महिन्याने त्याच्या घरी गेलो. दारात बसून तो नव्या बुटाच्या टोकात कापूस भरत होता. मी म्हणालो, चूक माझी आहे, उद्यापासून तू म्हणशील तिथवर येतो, भेडाघाटपर्यंत म्हण, पायी येतो.

त्याने नाडी बांधली.

"नको," तो म्हणाला. "एकटाच जातो मी."