मनिलाचे पेढे

सिद्धेश मेस्त्री माझ्या समोरच्या खोलीत राहतो आणि मला तो आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. विक्रोळीत जन्मला, मराठी शाळेत शिकला. यात लाजण्यासारखं काय आहे? पण त्याला लाज वाटायची. पवईच्या एका कॉल सेंटरमध्ये लागला आणि मोबाइलवर इंग्रजी वाक्प्रचारांचे व्हिडिओ बघायला लागला. रोज एक नवा शिकायचा, आणि दिवसभरात तो कुणाच्या तरी अंगावर फेकल्याशिवाय याला घास उतरायचा नाही.

पाण्याची मोटर जळली तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा उभा राहिला. "लेट्स नॉट बीट अराउंड द बुश." कुणी विचारलं नव्हतं तरी अर्थही सांगितला, की आडवळणाने बोलू नका. मोटर कोण दुरुस्त करतो, ते विचारल्यावर खाली बसला. बायको मानसी घामाघूम होऊन बांगडे साफ करत बसलेली असायची, तिला म्हणायचा, "कमॉन, पीस ऑफ केक!" म्हणजे किरकोळ काम. एक दिवस तरी स्वतः करून बघायचं होतं. त्याचे वडील काशीराम, जुने गिरणी कामगार. त्यांना तर पाहुण्यांसमोर तोंड उघडायची बंदी. "पप्पा, तुमचं मालवणी ऐकून लोक हसतात." लोक कुणाला हसायचे ते मला माहीत आहे.

मग कंपनी काही जणांना ट्रेनिंग द्यायला मनिलाला पाठवणार असं कळलं. सिद्धेशने अर्ज केला. एका शुक्रवारी संध्याकाळी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या दारात उभा.

"काकू, दे आर लेटिंग मी गो! मला जाऊ देतायत, मनिला!"

अमेरिकेतला साहेब म्हणे व्हिडिओ कॉलवर बराच वेळ बोलत होता. यातलं अर्धंमुर्धंच याच्या डोक्यात शिरलं असणार. शेवटी साहेब म्हणाला, "वुई हॅव टू लेट यू गो." हा म्हणाला, "थँक यू सर, यू मेड माय डे!" त्यावर साहेब म्हणाला, तू हे फारच मोठ्या मनाने घेतलंस. हेसुद्धा याने मला अभिमानाने सांगितलं. मी पेढा खाल्ला. मला तरी कुठे इंग्रजी येतं? पण मी कुणाला शिकवायला जात नाही.

सोमवारी ऑफिसच्या गेटवर त्याचं कार्ड चालेना. वॉचमनने वरून नेत्राला बोलावलं. माणसं ठेवायचं-काढायचं काम ती बघते.

"सिद्धेश, अरे तुला कामावरून काढलंय. साहेबांनी शुक्रवारीच सांगितलं ना? लेट यू गो म्हणजे तेच रे."

"पण मी तर थँक यू म्हटलं."

"हो. वर सगळे तेच बोलतायत."

दुपारी तो जिन्यात बसलेला दिसला. चेहरा पार उतरलेला. तेवढ्यापुरती मलाही दया आली. काशीराम बाहेर आले, काय झालं विचारलं. याने सगळं मराठीत सांगितलं, एकही इंग्रजी फुलबाजी न पेटवता.

"मगे?" म्हातारा म्हणाला. "गिरणीवाल्यांनी तर नुसता कुलूप लावल्यानी. सांगूक पण कोण इलो नाय. ऊठ, जेवून घे."

वाटलं, सुधारला. आठवडाभर माणसासारखा बोलत होता. मग मानसीने घाटकोपरच्या एका दातांच्या दवाखान्यात नोकरी धरली, घर तिच्यावर चालायला लागलं, आणि याने तळमजल्यावर भाड्याच्या खोलीत क्लास काढला. कसला? तर अस्सल इंग्रजी वाक्प्रचारांचा. पालकांना सांगतो, "मनिलाची ऑफर होती, पण मीच सोडली. मराठी मुलांसाठी काहीतरी करायचं होतं." हे सांगताना डोळ्यांत पाणीसुद्धा आणतो मेला.

पालक माना डोलवतात. क्लासला जागा मिळत नाही, इतकी गर्दी. सगळे त्याला सर म्हणतात. मी अजून "अरे सिद्ध्या" म्हणूनच हाक मारते, आणि तो ऐकू न आल्यासारखं करून आत जातो.