मोटरीले लावलेली जोड

सन १९३४. मी एकवीस वर्षांचा होतो आणि रिसोड-वाशीम रस्त्यावर आमच्या बंड्यांच्या पुढे जाईल असा कोणी नव्हता. ही फुशारकी नाही. होतं तसं लिहितो आहे. शाळेत मी दुसरीपुढे गेलो नाही, अक्षर वाकडं आहे, पण ज्या रस्त्यावर माझ्या बापाची अन् आज्याची हाडं झिजली त्या रस्त्याबद्दल लिहायला मला कोण्या मास्तराची परवानगी नको.

आमचा धंदा भाड्याच्या बंड्यांचा. बंडी म्हणजे माल वाहायची बैलगाडी. हंगामात रिसोडच्या जिनातून, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, रुईच्या गठाणी भरायच्या, रात्रभर चालायचं आणि दुसऱ्या दिवशी वाशीमच्या टेशनावर उतरवायच्या. आज्यानं धंदा उभा केला तेव्हा वाशीमला रेल्वे नव्हती, तो थेट अकोल्याला जायचा. मग रेल्वे आली. लोक म्हणाले, संपलं आता यांचं. संपलं नाही. उलट टेशनापर्यंत माल न्यायला बंड्या जास्तच लागायला लागल्या. तेव्हापासून माझ्या बापाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. काही नवीन आलं म्हणून कोणी सांगितलं की तो म्हणायचा, "आमी रेल पचवली. हे काय घेऊन बसला!"

त्या थंडीत शेटनं मालाची मोटर आणली. ज्याच्या गठाणी आम्ही वाहायचो तो हा व्यापारी. त्याचा माल म्हणजे आमचा हंगाम. तो माल गेला की दारातले बैल उभ्या उभ्या कडबा खाणार आणि आमचे बंडीवाले दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणार, हे आमच्या घरातल्या बायांनाही ठाऊक होतं. शेटनं बाला, म्हणजे माझ्या बापाला, जिनात बोलावलं. मी मागे उभा होतो.

"दादा, राग मानू नका," शेट म्हणाला. "मोटर माल लवकर नेते म्हणतात. मले एकदा पाह्यचं आहे. तिच्यात मावन तेवढा माल ती नेईन, बाकीचा तुमी न्या. उद्या दुपारी मालगाडीले डब्बे जोडणार हायेत. टेशनावर ज्याचा माल आधी उतरन, हा हंगाम त्याचा."

"मोटर कवा निघन?"

"उद्या सकाळी. तुमी आज सांजीच निघा."

बाचे कान लाल झाले. "आमाले सूट देऊन राह्यला का, शेटजी? लहान लेकरावानी?"

"सूट कायची? तुमी रोज सांजीच निघता ना?"

ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. मोटरवाला तिथंच तंबाखू मळत उभा होता. अकोल्याकडचा माणूस, अंगात खाकी कोट. तो हसून म्हणाला, "बाबाजी, टेशनपे आपके लिए चाय तयार रखता हूँ."

"आमी चाय पीत नाई," बा म्हणाला. "आमचे बैलही पीत नाईत."

एरवी बा वाशीमला येत नसे. त्या सांजेला तो स्वतः म्होरच्या बंडीवर बसला. ती बंडी हाकायचा आमचा म्हातारा बंडीवाला, आज्याच्या वेळचा. त्याच्या मागे माझी बंडी आणि माझ्या मागे बाकीच्यांची ओळ. रात्री कोणी गाणं म्हटलं नाही. बैलांना पाणी पाजायला थांबलो तेवढंच.

उजाडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त वाट मागे पडली होती. पण दोनच दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि आमची काळी माती कशी असते ते मी वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. दिवस कासराभर वर आला तेव्हा पुढे नाला आला. दोन्हीकडे उंच दरड, मधून एका बंडीपुरती वाट, तळाशी चिखल. आम्ही उताराला लागणार, तेवढ्यात मागून भोंगा वाजला. माझा ढवळा बैल एकदम बाजूला सरला, चाक दगडावर चढलं, गठाणी कलल्या. मी बैल सावरीपर्यंत मोटर धूर सोडत आमच्या शेजारून गेली. मोटरवाल्यानं खिडकीतून हात हलवला.

ती नाल्यात उतरली आणि तिचा आवाज बदलला. आधी गुरगुर, मग नुसती किंकाळी. मागची चाकं फिरत होती, मोटर जागेवर होती.

आमचे बंडीवाले हसले. मी पण हसलो. कोणी म्हणालं, "काय झालं वो, पाणी प्याले बसली का?" मोटरवाला खाली उतरला. चाकाखाली दगड घातले, पळसाच्या फांद्या घातल्या, पुन्हा बसला, पुन्हा किंकाळी. चाकं आधीपेक्षा खोल गेली. शेवटी तो गुडघाभर चिखलातून वर आला आणि बासमोर उभा राहिला.

"बाबाजी, बैल लगाओ."

इथं आमची रीत सांगितली पाहिजे. वाटेत कोणाची बंडी अडली की मागून येणाऱ्यानं आपले बैल सोडून त्या बंडीपुढे लावायचे. याला आम्ही जोड लावणं म्हणतो. जोड न लावता कोणी पुढे निघून गेला तर त्याच्या हातचं पाणी बंडीवाले पीत नसत. आणि रीतीचा दुसरा अर्धा भाग असा, की ज्याची बंडी ओढून काढली त्यानं त्या दिवशी काढणाऱ्याच्या पुढे जायचं नाही. मागे राहायचं, मुक्कामापर्यंत.

बानं मोटरीकडे पाहिलं. "जोड बंडीले लावतात. तिले जू नाई, धुरा नाई. लावू कुठी?"

पुन्हा सगळे हसले. पण ते हसू फार टिकलं नाही. वाट एका बंडीपुरती आणि त्या वाटेत मोटर रुतलेली. ती हलल्याशिवाय आम्हीही पलीकडे जाऊ शकत नव्हतो. ऊन दरडीवरून खाली उतरू लागलं.

मी फावडं घेतलं आणि दरड खणायला लागलो. म्हटलं, बाजूनं वाट काढतो. घामानं भिजलो. मातीचा ढीग झाला, वाट झाली नाही. म्हातारा बंडीवाला म्हणाला, "भाऊ, तुह्यं लग्न जुळाले जेवढे दिस लागले तेवढे दिस खण, मंग होईन वाट." मी फावडं फेकलं आणि बाजवळ गेलो.

"बा, त्याले काढला तर तो पळन आपल्या पुढं. नाई काढला तर आपण बी अठीच राह्यतो."

"मले शिकवू नको."

म्हाताऱ्यानं चिलीम खाली ठेवली. "मालक, तुमच्या बापानं रीत लावून देली तवा बंडी कोणाची, माणूस कोणता, हे पुसाचं नाई असं सांगतलं होतं."

"हा बंडीवाला नाई."

"अडला तर हाये ना?"

धोतराचा सोगा कमरेला खोचून बा चिखलात उतरला, मोटरवाल्यासमोर उभा राहिला आणि त्याला रीत सांगितली, दोन्ही अर्ध्या भागांसकट.

"क्या मतलब?" मोटरवाला म्हणाला. "मोटर बैलों के पीछे चले? टेशन तक?"

"हो."

"शेट मुझे निकाल देगा!"

"मंग बस अठी."

मोटरवाल्यानं उन्हाकडे पाहिलं, रुतलेल्या चाकांकडे पाहिलं. मग गळ्याला हात लावून आईची शपथ घेतली. बानं मला हाक मारली. "तुही जोडी आण. पहिली तुही."

माझे बैल पहिले का, हे मी विचारलं नाही. ते सगळ्यांत जोरकस होते म्हणून. पण मला ते आवडलं नाही. ज्या मोटरीनं माझा ढवळा बुजवला तिलाच त्याच्या मानेनं ओढायचं! तरी बंडीचे सोडून, मोटरीच्या कडेनं एकेक करून तिच्या पुढे आणले. त्यांच्या पुढे आणखी तीन जोड्या लागल्या. जाड नाडा मोटरीच्या पुढच्या लोखंडाला बांधला आणि सगळ्यांनी एकदम हाकाटी केली. नाडा ताठ झाला, मोटर किंचित हलली आणि त्याच क्षणी त्या शहाण्यानं, आपणही जोर लावावा म्हणून, इंजन चालू केलं.

चारी जोड्या उधळल्या. नाडा माझ्या पिंढरीला घासून गेला, कातडं निघालं. ढवळा गुडघ्यावर पडला, जू त्याच्या मानेवर वाकडं झालं, आणि मागचं धूड गुरगुरत त्याच्यावर येतं की काय अशी वेळ आली. मी त्याच्या वेसणीला लोंबकळलो. बा चिखलातून धावत मोटरीपाशी गेला आणि खिडकीतून आत हात घालून मोटरवाल्याची कॉलर धरली.

"तिचं तोंड बंद कर आधी! बैल ओढतात तवा दुसऱ्यानं बोलाचं नाई!"

इंजन बंद झालं. नाल्यात एकदम शांत झालं, नुसते बैलांचे श्वास. ढवळ्याला उठवला, मान चोळली, पाय पाहिला. शाबूत होता. मग पुन्हा हाकाटी. या वेळी मोटर मुकाट वर आली, भिजलेल्या म्हशीसारखी, चिखल गाळत.

मोटरवाल्यानं ती बाजूला घेतली. आमच्या बंड्या एकेक करून नाला चढल्या, बैलांना श्वास घ्यायला थांबवायचीही सोय नव्हती. मोटर शेवटच्या बंडीमागे लागली.

पुढची वाट मला आजही आवडत नाही. मागून भोंगा वाजत होता. बैलांच्या चालीनं चालून चालून मोटरीचं पाणी उकळायचं, मोटरवाला थांबून विहिरीचं पाणी घालायचा आणि पुन्हा मागे येऊन भोंगा. वाशीमजवळ वाट रुंद होते, तिथं तो ओळीच्या बाजूनं पुढे आला. माझ्या बंडीला मागे टाकून म्होरच्या बंडीच्या बरोबरीला गेला. इथून त्यानं जोर केला असता तर आम्ही टेशनावर जाऊन त्याचा चहाच प्यालो असतो. बानं त्याच्याकडे मान वळवली नाही. समोर पाहत ताठ बसून राहिला. मोटरवाला थोडा वेळ तसाच शेजारून चालला. मग काय मनात आलं त्याच्या, हळू झाला आणि पुन्हा मागे गेला.

टेशनावर डब्बे जोडायचे होते अजून. आमच्या आधीच टांग्यानं पोचलेला शेट फलाटाबाहेर छत्री धरून उभा होता. आधी बंड्या आल्या, मागून मोटर. त्यानं मोटरवाल्याला विचारलं. त्या माणसानं काही लपवलं नाही. नाल्यात फसलो, यांनी काढलं, जबान दिली म्हणून मागं आलो, असं सरळ सांगितलं.

"दादा, जबान ती जबान," शेट म्हणाला. "हंगाम तुमचा."

बंडीवाल्यांनी पागोटी उडवली. बाचा चेहरा एवढा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. पण शेट मोटरवाल्याकडे वळून बोलतच होता. "नाला सोडला तर बाकी वाटेत कुठी अडली?"

"कहीं नहीं."

"नाल्यात दगडाची फरशी टाकून घेतली तर?"

"तो फिर शेटजी, सुबह निकले तो खाने के वक्त यहाँ."

"टाकून घेऊ. पावसाळ्याच्या आत."

मी हे ऐकलं. बा माझ्यापेक्षा जवळ उभा होता.

घरी आल्यावर बानं गूळ वाटला आणि सुताराला बोलावून घेतलं. हंगाम हातात आहे, आणखी दोन बंड्या बांधायच्या म्हणाला. मला राहवलं नाही.

"बा, फरशी पडणार हाये नाल्यात. तुमी ऐकलं ना?"

"पडू दे. आपल्याच बंड्या सोप्या चढतीन."

"अन् मोटर?"

"आमी रेल पचवली."

"रेल जिनाच्या दारात येत नव्हती, म्हणून पचली! ही दारात येते. दोन बंड्या कायले बांधता? हायेत त्या कोण भाड्यानं घेईन पुढच्या साली?"

बा उठून उभा राहिला. "मंग तू काय करशीन? त्या खाकी कोटवाल्याच्या हाताखाली चाकं पुसशीन?"

"नाई."

"मंग सांग ना! काय करशीन?"

मी वाकून पिंढरीची जखम चाचपली. बाला ते दिसलं आणि तो सुताराशी बाभळीच्या लाकडाचं बोलायला लागला. मी रागानं न जेवता गोठ्यात जाऊन ढवळ्याच्या मानेला तेल चोळत बसलो. बायको तिथं ताट घेऊन आली. ती आडवळणाच्या गावची. मी ताटाला हात लावला नाही तशी म्हणाली, "एवढं मोठं भांडण त्या एका रस्त्यापायी! माह्या बापाचा कापूस अजून घरातच पडून हाये, उंदरं खाऊन राह्यले. त्याले न्यायले तुमी बी येत नाई, अन् ते शेटचं डबडंही येत नाई."

"आमी रस्त्याचे बंडीवाले," मी म्हणालो. "वावरातला माल आमी वाहत नाई."

"हो, मोठ्या घरचे ना तुमी," ती म्हणाली आणि ताट तिथंच ठेवून गेली.

आमच्यात ते खरंच कमीपणाचं होतं. जिनापासून टेशनापर्यंत, सरकारी रस्त्यानं, ओळीनं, घुंगरं वाजवत जायचं. चिखलातून, काट्याकुट्यातून कोणाच्या घरचा कापूस काढायला जाणं हे ज्याच्याकडे एकच मरतुकडी जोडी आहे त्याचं काम. आज्यानं केलं नाही, बानं केलं नाही. मी ताट ओढलं आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलांची घुंगरं काढून खुंटीला टांगली आणि बंडी जुपली. बा ओट्यावर राखुंडीनं दात घासत होता. "जिनात ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाई," आणि रस्त्याला न लागता बंडी सासऱ्याच्या गावाकडच्या पांदणीत, वावरांमधल्या वाटेत, घातली.