कांद्याच्या ड्रममध्ये कोण आहे?

ड्रम फिरायला लागला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो कुठे पडला ते मला आजही माहीत नाही. लाईट गेलेली असली की शकुंतलाबाई ड्रमच्या आत बसून सडके कांदे निवडायची. रोजचंच काम होतं तिचं. आता लाईट आली होती, ड्रमचं दार उघडं होतं, त्यातून कांदे धबाधब बाहेर पडत होते आणि आतून कोणीतरी ओरडत होतं.

मी धावत जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबलं. ड्रम थांबला.

पुढचं सांगण्याआधी हा ड्रम काय प्रकार होता ते सांगायला हवं.

मी इलेक्ट्रिशियन. सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. रिटायर झाल्यावर बेलापूरजवळच्या एका डॉक्टरांकडे लागलो. डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत. वनस्पतींवर पीएचडी केलेले, परदेशात बरीच वर्षं राहून वडिलांच्या शेतावर परतलेले. शेतात त्यांनी मोठं शेड बांधलं आणि त्याला रिसर्च सेंटर म्हणू लागले. स्टाफ म्हणजे मी आणि शकुंतलाबाई. डॉक्टरांची आई, अक्का, पगारावर नव्हत्या, पण सेंटर खरं म्हणजे त्याच चालवायच्या. जेवायला कोण कधी येणार ते त्या ठरवत.

कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याला कोंब येतात हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. का येतात, यावर डॉक्टरांची थिअरी होती. कांद्याला वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं, म्हणून तो वरच्या बाजूला कोंब काढतो. त्याला सतत फिरवत ठेवलं तर वर-खाली कळणारच नाही. मग तो बिचारा गोंधळून गप्प बसेल.

मी विचारलं होतं, "साहेब, गोंधळलेला कांदा चवीला कसा लागेल?"

"साळवे, चव हा पुढचा टप्पा आहे."

त्यासाठी ट्रकएवढा जाळीचा ड्रम बनवला. आत आडव्या पट्ट्या, म्हणजे कांदे उचलले जाऊन वरून पडावेत. बाहेर थ्री फेज मोटर आणि गिअरबॉक्स. मोटर मी जोडली. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. याहून वेडी मशिनं मी कारखान्यात पाहिली आहेत.

तक्रार होती ती ऑटोबद्दल. शेतीची लाईट शिफ्टने येते. कधी येईल म्हणून विहिरीवर कोण बसून राहणार? म्हणून शेतकरी स्टार्टरशेजारी एक छोटा डबा बसवतात. लाईट आली की तो डबा आपोआप मोटर चालू करतो. त्याला ऑटो म्हणतात. डॉक्टरांनी तो शेजारच्या मळ्यात पाहिला आणि त्यांना उचंबळून आलं. इथलं काहीही कधी न आवडणारा माणूस, पण ऑटोवर फिदा झाला.

"साळवे, ड्रमला हाच हवा. प्रयोगात खंड नको!"

"साहेब, पंपाला ठीक आहे. पंपाच्या आत कोणी बसत नाही."

त्यांनी ऐकलं नाही. श्रीरामपूरहून दुसरा वायरमन आणून बसवून घेतलाच. मी एकच अट घातली. बाई आत जाणार असेल तर ऑटो आधी बंद करायचा. तेवढी त्यांनी मान्य केली होती.

म्हणून एका हाताने लाल बटण दाबताच माझा दुसरा हात ऑटोकडे गेला. तर त्याच्यावर लोखंडी पेटी, आणि पेटीला कुलूप. सकाळी ते नव्हतं.

"शकुंतलाबाई! लागलं का? बाहेर या!"

"कोणी बंद केलं?" आतून आवाज आला. "चालू करा! रीडिंग जातंय!"

आवाज डॉक्टरांचा होता.

मी वळून पाहिलं. शकुंतलाबाई माझ्या मागे उभी होती. पदरात शेंगा, तोंडाचा आ.

"मी तर अक्कांकडं व्हते," ती म्हणाली. "सायेबच म्हनले, आज आत जाऊ नगं म्हनून."

ती धडधाकट दिसली आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. पण ते सुख फार टिकलं नाही. मी बटणावरचा हात काढून दाराकडे निघालो, तेवढ्यात कुलपातल्या डब्यात खट्ट झालं. ऑटोचं कामच ते. लाईट आहे आणि मोटर बंद आहे, एवढंच त्याला कळतं. ड्रम पुन्हा फिरला. मला जाळीतून डॉक्टर दिसले. एक पट्टी त्यांना कांद्यांसकट उचलून वर नेत होती, चष्मा नव्हता, हातात स्टॉपवॉच होतं. मग ते वरून पडले आणि त्यांच्यावर कांद्याचा ढीग पडला. या वेळी ते रीडिंगचं काही बोलले नाहीत. "आई गं" म्हणाले.

मी उडी मारून बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. धरून ठेवलं तर मोटर चालू होत नाही. पण कुलपाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात असणार, आणि मेन स्विच शेडच्या बाहेरच्या भिंतीवर.

"बाई, हे बटण धरा. काही झालं तरी सोडू नका."

तिने दोन्ही अंगठे लावले. मी पळालो. मागून डॉक्टरांचा आवाज येत होता, आता जरा दबलेला.

"शकुंतलाबाई, बटण सोडा. एकच फेरी राहिलीय. मी सांगतोय ना!"

"भाऊ, सायेब सोड म्हनत्यात!"

"सोडू नका!"

"पगार त्येच देत्यात वो!"

"शकुंतलाबाई, सोडू नका!"

मालकाचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. मी मेन स्विच खाली ओढला आणि तिन्ही ग्रिपा उपसून काढल्या. ग्रिप म्हणजे फ्यूजची चिनी मातीची खुंटी. ती हातात आली की लाईट येवो, नाहीतर आणखी कोणी येवो, मोटर हलत नाही.

परत आलो तर बाई डोळे गच्च मिटून बटणाला चिकटून उभी होती. ग्रिपा दाखवल्या तरी तिचे अंगठे निघेनात.

डॉक्टरांना कांद्यातून उपसून काढलं. डावा हात वेडावाकडा झाला होता. त्यांना उभं केलं तर ते एका बाजूला कलले, सरळ केलं तर दुसऱ्या बाजूला. चेहरा मात्र असा खुलला होता की मला वाटलं डोक्याला मार लागला.

"साळवे, मला कळत नाहीये! खाली कुठे आहे तेच कळत नाहीये!"

"साहेब, बसा."

"थिअरी बरोबर आहे!"

तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी आधी मुलाचं डोकं चाचपलं, मग खांदा, मग हात. मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आरं, मेला असतास म्हंजी?"

"अक्का, पण मला कोंब आला नसता."

मला वाटलं होतं की कुलूप चुकून लागलं असेल. मी तसं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चुकून कसं? कोणी ऑटो बंद करू नये म्हणून मीच लावलं. लाईट कधी येणार ते मला माहीत होतं. म्हणूनच आत बसलो. कांदा काही सांगू शकत नाही, माणूस सांगू शकतो." मग शकुंतलाबाईकडे बघून अगदी सहज म्हणाले, "आधी मी बाईंनाच बसवणार होतो. पण स्टॉपवॉच त्यांना जमलं नसतं."

शकुंतलाबाईने पदरातल्या शेंगा तिथेच सोडल्या. मला फार राग आला, पण त्यांच्या मोडक्या हाताकडे बघून मी स्वतःला आवरलं. वाईट याचं वाटलं की माणूस दुष्ट नव्हता. बाईच्या मुलीची फी त्यांनीच भरली होती. त्यांना खरोखर कळलं नव्हतं की आपण काय बोललो.

श्रीरामपूरला हाताला प्लास्टर झालं. मी पेटी फोडून ऑटो काढला आणि अक्कांच्या स्वाधीन केला. डॉक्टर काही बोलले नाहीत, कारण अक्का शेजारी उभ्या होत्या. कांद्यांना एकही कोंब आला नाही. आपटून आपटून ते त्याआधीच सडले. डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये त्याला अंशतः यश म्हटलं आणि नवा कांदा भरला.

ड्रम पुन्हा चालू करायच्या दिवशी मी ग्रिपा शोधल्या तर जागेवर नव्हत्या. त्या शकुंतलाबाईच्या कमरेच्या पिशवीत होत्या.

"बाई, द्या," डॉक्टर म्हणाले.

"आदी समदे हितं समोर हुबे ऱ्हा," ती म्हणाली. पिशवीवरचा हात तिने काढला नाही. "अक्का, भाऊ, या. सायेब, तुमी बी."

आम्ही रांगेत उभे राहिलो. प्लास्टरवाले डॉक्टरही. तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघितलं, ड्रममध्ये डोकावून आली आणि मग ग्रिपा माझ्या हातात दिल्या.

कारखान्यात सेफ्टीचे बोर्ड भिंतभर होते. त्यातलं मला एकही वाक्य आठवत नाही. एवढंच सांगतो, मशिनच्या आत जाणाऱ्याने फ्यूज स्वतःच्या कमरेला लावून जावं. साहेब फार शिकलेले असतील तर नक्कीच.