भूतान पाहिलेला माणूस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. शैलाला, माझ्या बायकोला, यातलं बरंच माहीत आहे, कारण ती तिथं होती. पण तिला माहीत असणं वेगळं आणि मी माझ्या तोंडानं सांगणं वेगळं. तुम्हाला का सांगतोय? कारण असं काही नाही. सांगायचं आहे, एवढंच.

मी चांगला बोलतो. त्यात उगाच विनय दाखवण्यात अर्थ नाही. ऐंशीच्या दशकात शिकागोच्या उपनगरांत मी स्लाइड शो करायचो — लायब्ररीत, चर्चच्या बेसमेंटमध्ये, बागकामाची हौस असलेल्या बायकांच्या क्लबात. विषय एकच, भूतान. पोटासाठी मी एका कंपनीत पंप डिझाइन करत होतो, पण लोक ओळखायचे ते भूतानमुळे. तिथल्या आपल्या मराठी मंडळातली पोरं तर मला 'भूतानकाका' म्हणायची. एक ट्रॅव्हल एजन्सी होती, तिचा ग्रुप तिकडं निघाला की आधी माझं भाषण असायचं. जोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठात, शिरताना टोपी काढा. वाटेत स्तूप लागला तर त्याला उजवी घालूनच पुढं जा. मिरची तिथं फोडणीपुरती नसते, मिरचीचीच भाजी असते, चीजमध्ये शिजवलेली, तेव्हा पहिला घास बेतानं घ्या. तिरंदाजीच्या सामन्यात नेम धरणाऱ्याची समोरचे लोक यथेच्छ टिंगल करतात, आणि बाण लागला की त्याच्या बाजूचे गडी फेर धरून नाचतात. मी ते नाचूनही दाखवायचो. लोक हसून हसून बेजार व्हायचे.

आणि मी भूतानला कधी गेलोच नव्हतो.

गेला होता माझा थोरला भाऊ. दादा नागपूरचा, सिव्हिल इंजिनिअर. त्रोंगसाच्या बाजूला डोंगर फोडून रस्ता काढायचं काम चाललं होतं, त्यावर तो काही वर्षं होता. मुळात अबोल माणूस. पण मी एकदा नागपूरला गेलो असताना या एका विषयावर तो दुपारच्या दुपारी बोलत राहिला. निघताना त्यानं स्लाइड्सचा डबा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "घेऊन जा. तुझ्याकडे प्रोजेक्टर आहे. मी काय, उजेडाकडं धरून बघतो."

पहिल्यांदा मी त्या दाखवल्या त्या लायब्ररीत, भारतावरच्या भाषणाच्या शेवटी. ताजमहालाला जांभया देणारे लोक पारोच्या छपरांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या बघून सावरून बसले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, तुम्ही तिथं कधी होता? माझा भाऊ होता — एवढं म्हणायला काय लागतं? मी म्हणालो, सत्तरच्या दशकात, काही वर्षं. कुणी भाग पाडलं नव्हतं. चूक सुधारायला पुढं किती संधी होत्या! एकही घेतली नाही. मला ते आवडत होतं.

पण खरी गोष्ट ही नाही. इतपत थाप पुष्कळ जण मारतात. खरी गोष्ट कर्माची आहे.

कर्मा हा दादाच्या कामावरचा ओव्हरसियर, तिथलाच. दोघं एका तंबूत राहायचे. दादाला मिठाचा चहा प्यायला त्यानं शिकवलं, आणि दादानं त्याला आपली वरणफळं खाऊ घातली. एका सकाळी दोघं कामावर निघाले, दादा मोजायची टेप विसरला म्हणून परत फिरला, आणि मागं डोंगर खाली आला. कर्मा सापडला तो संध्याकाळी. नंतर दादानं मठात जाऊन त्याच्या नावानं लोण्याचे दिवे लावले. हात इतके थरथरत होते की एका भिक्षूनं त्याचं मनगट धरलं. हे सांगताना दादा माझ्याकडं बघत नव्हता.

मी ते शोच्या शेवटी सांगायचो. टेप मी विसरलो होतो. हात माझे थरथरले होते. हॉलमध्ये चिडीचूप व्हायचं.

मग दादा अमेरिकेत आला. लेकीचं बाळंतपण होतं म्हणून वहिनी मागं राहिली, तो एकटाच आला. त्याच शनिवारी माझा शो होता. शैला म्हणाली, "अहो, कॅन्सल करा. दादा घरात आहेत. काय म्हणतील?"

"येऊ दे की त्यालाही," मी म्हणालो.

का म्हणालो? त्याला आनंद होईल असं वाटलं — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. नागपुरात मी जन्मभर 'दादाचा धाकटा भाऊ' होतो. इथं तीनशे लोक मला ऐकायला येत नव्हते, पण तीस तरी येत होते, आणि ते त्यानं बघावं अशी माझी इच्छा होती. त्याच्याच गोष्टीवर.

दादा दुसऱ्या रांगेत बसला. अंगात शैलानं घेतलेला नवा ब्लेझर. 'माझे मोठे भाऊ, भारतातून आलेत' एवढीच मी त्याची ओळख करून दिली. त्यानं काढलेले फोटो एकामागून एक पडद्यावर येत गेले आणि मी बोलत गेलो. लोक हसले. कर्मा तरी गाळता आला असता, नाही का? त्याची स्लाइड होती, उन्हानं डोळे बारीक करून हसणारा. मी ती लावली. सगळं सांगितलं, मठातल्या दिव्यांपर्यंत. आवाज जिथं भरून यायचा तिथं तो आला. तेव्हा कुठं मी दादाकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. पडद्यावरच्या कर्माकडं बघत होता.

दिवे लागले. मिसेस हार्पर म्हणून एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, त्या एजन्सीच्या ग्रुपबरोबर भूतानला निघालेल्या. त्यांनी मायेनं दादाच्या दंडावर हात ठेवला आणि विचारलं, तुमचा भाऊ तिथं होता तेव्हा तुम्ही कधी गेला होता का त्याला भेटायला?

मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो. एक वाक्य बोलायला मला वेळ होता. चांगला वेळ होता.

दादा म्हणाला, "नो मॅडम. आय वॉज इन नागपूर ओन्ली. माय ब्रदर वेंट."

मग कॉफी झाली, कुकीज झाल्या. यू मस्ट बी प्राउड, असं जो तो त्याला म्हणत होता, आणि तो प्रत्येकाला "येस, येस" म्हणत होता.

गाडीत शैला मागं बसली, दादा माझ्या शेजारी. आम्ही हायवेला लागलो. मग दादा म्हणाला, "विनू, कर्माला दोन मुली होत्या. तू एकच सांगितलीस."

मी म्हणालो, "हो का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूला, आपल्या लोकांच्या दुकानांत गेलो. वहिनीसाठी साडी घेतली, नातवासाठी झबली घेतली. दादा नेहमीसारखा होता. महिनाभर राहिला आणि परत गेला. भूतानचं नाव त्यानं माझ्याजवळ पुन्हा काढलं नाही. मी मात्र शो करत राहिलो. पुढच्याच कार्यक्रमात मी दोन मुली सांगितल्या.

काही वर्षांनी दादा गेला. मी नागपूरला पोचलो तो थेट तेराव्याला. जेवणं उरकल्यावर त्याची मुलं माझ्याभोवती येऊन बसली. थोरला म्हणाला, "काका, बाबांचं ते भूतान आम्हाला सांगा ना. आम्ही विचारलं की स्वतः कधी बोलायचे नाहीत. म्हणायचे, विनूला विचारा, तो छान सांगतो."

मी सांगितलं. टेप दादा विसरला होता, हात दादाचे थरथरले होते. मुलं रडली. वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. तीच गोष्ट शिकागोत मी इतकी वर्षं कुणाची म्हणून सांगत होतो, ते त्यांना सांगितलं नाही.