भोंग्याची मूळ पट्टी

वायरमन दिवसा लोकांच्या घरातली वायरिंग करायचा आणि संध्याकाळी रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. बँड नावारूपाला आला तरी हे नाव काही त्याला सोडेना. गायकाला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला माईक लागतच नसे. पुढे भोंग्याने वायरमनच्या थोरल्या बहिणीशीच लग्न केलं. तेव्हापासून वायरमन त्याला घरी भावोजी म्हणे आणि तालमीत शिव्या घाली. तीस वर्षांत ड्रमर बदलले, गाड्या बदलल्या, केस पिकले आणि गळलेही, पण ही जोडगोळी काही फुटली नाही.

भोंग्याचा हेका एकच. गाणं ज्या पट्टीत रेकॉर्ड झालं, त्याच पट्टीत गायचं. पट्टी उतरवणं म्हणजे त्याच्या लेखी दुकानाला टाळं लावणं. पण साठी जवळ आली आणि त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्याच्या शेवटी आवाज चिरकायला लागला. आता हे त्याला सांगणार कोण? वायरमनने मग गुपचूप सगळ्यांची वाद्यं अर्धा सूर खाली लावून घेतली. भोंगा खूश! "बघ, आवाज अजून तसाच खणखणीत आहे," म्हणत तो मिशीला पीळ द्यायचा, आणि वायरमन साळसूदपणे मान डोलवायचा.

बँडच्या तिसाव्या वाढदिवसाला व्हायोलिनवाल्यांचा ताफा बोलावला. त्यांनी आपली तयारी केली होती जुनी रेकॉर्ड ऐकून. दुपारच्या तालमीत पहिल्याच ओळीला असा काही कल्लोळ उडाला, की झाडू मारणाऱ्या बाईंनी कानांवर हात ठेवले.

"तुम्ही सगळेच्या सगळे अर्धा सूर खाली आहात," व्हायोलिनवाल्यांच्या प्रमुख बाई फटकन म्हणाल्या.

भोंग्याने वायरमनकडे पाहिलं. "कधीपासून?"

"झाली काही वर्षं."

"तुझ्या बहिणीला माहीत होतं?"

"तिनेच सुचवलं, भावोजी."

भोंग्याचा चेहरा खर्रकन उतरला. वायरमनला वाटलं, संपलं सगळं. आता हा उठून घरी जाणार, आणि आपल्या अतिशहाणपणापायी तीस वर्षांचा बँड मोडणार!

"व्हायोलिनं आहेत त्याच पट्टीत राहतील," भोंगा म्हणाला. "तुम्ही अर्धा सूर वर या."

"अरे, आवाज फाटला तर?"

"फाटू दे. गळा माझा आहे, तुझ्या बापाचा नाही!"

संध्याकाळी हॉल खचाखच भरला होता. ते गाणं आलं, तशी वायरमनची बोटं घामाने निसटायला लागली. भोंग्याने डोळे मिटले आणि आवाज वर चढवला. मध्येच तो खरखरला, आणि मग सुरावर असा जाऊन बसला की हलेचना. तरुणपणीची चकाकी आता त्यात नव्हती, पण त्याला म्हातारा म्हणायची कोणाची बिशाद होती! अख्खा हॉल उठून उभा राहिला.

यानंतर गिटार एकटी वाजायला हवी होती. वायरमन नुसता उभा होता, गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

भोंग्याने हजारो लोकांसमोर माईकमधूनच दरडावलं, "ए गाढवा, जिंकलो आपण! वाजव की आता!"